स्काडीचं क्रियापद

मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकात कुठं असतं, ते तुम्ही कधी शोधलं आहे का? श्रेयनामावलीच्या पानावर, अगदी तळाला, बांधणी करणाऱ्याच्या शेजारी. तेही असलंच तर. माझं नाव 'कुमूद' असं दीर्घ छापलेलं मी तीन पुस्तकांत पाहिलं आहे, आणि तिन्ही वेळा नेमकं तेच पान मला कुणी तपासायला दिलेलं नव्हतं.

तीसेक वर्षं मी नाशकात हे काम केलं. लोक म्हणतात, "म्हणजे दिवसभर पुस्तकं वाचायची? मज्जा आहे बुवा!" मज्जा कसली! आम्ही पुस्तक वाचत नाही, अक्षरं वाचतो. नायिका नदीत उडी टाकते तेव्हा वाचकाच्या घशात आवंढा येतो, आणि मी 'उडी'ची वेलांटी दुसरी आहे ना ते बघते. गोष्टीत रमलं की चूक सुटते, म्हणून न रमण्याची सवय लावून घ्यावी लागते. ही सवय मला कशी भोवली, तेच सांगायला बसले आहे.

चूक बहुतेकदा टिंबाएवढीच असते. एका लग्नपत्रिकेत 'नांदा सौख्यभरे'मधला अनुस्वार उडाला आणि 'नादा सौख्यभरे' अशा पत्रिका गावभर वाटूनही झाल्या. नवऱ्यामुलाच्या मामांनी ती म्हणे मांडवात मोठ्यानं वाचून दाखवली. ती पत्रिका माझ्याकडं आलीच नव्हती, हे मी आजही आवर्जून सांगते. एक निवृत्त मामलेदार आत्मचरित्र घेऊन आले होते. त्यात स्वतःला 'आम्ही' आणि बायकोला 'आमची मंडळी' म्हटलेलं. 'मंडळी रुसून माहेरी गेली' या वाक्याजवळ मी पेन्सिलीनं विचारलं, 'एकूण किती जण?' गृहस्थ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुस्तकात मात्र बायकोचं नाव घातलं.

ही पेन्सिल महत्त्वाची. आमच्या कामाचा एकच नियम आहे. खात्री असेल तिथं लाल शाई, शंका असेल तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. लाल शाईचं अक्षरजुळणी करणारी मुलगी थेट दुरुस्त करते, आणि पेन्सिलीचं लेखकाला विचारलं जातं. नव्या मुलींना मी हे शिकवत आले. शंका हेच आपलं भांडवल, असंही वर सांगायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत अविनाशरावांचा फोन आला. त्यांचं गंगापूर रोडला दोन खोल्यांतलं प्रकाशन आहे आणि मी त्यांच्याकडं सर्वांत जास्त काम केलेलं.

"कुमुदताई, जरा वेगळी कादंबरी आहे. युरोपच्या उत्तरेकडच्या लोकांचं पुराण, बायकांच्या बाजूनं सांगितलेलं. 'नऊ रात्री डोंगरात'. मुलगी सायखेड्याची आहे."

"सायखेड्याच्या मुलीला बर्फातले देव कुठं भेटले?"

"मीही विचारलं. म्हणाली, निफाडच्या थंडीत द्राक्षबाग राखलेल्या माणसाला बर्फ शिकवावा लागत नाही."

मुलीचं नाव ऋतुजा. सातपूरला एका कारखान्यात तयार सुटे भाग तपासायचं काम करायची. वय तिशीच्या आत. मी तिला तोवर पाहिलेलं नव्हतं. आमच्या धंद्यात लेखकाला न भेटणंच बरं, असं माझं मत होतं.

कादंबरीची गोष्ट थोडक्यात सांगते. स्काडी ही राक्षसकुळातली मुलगी, बर्फाच्या डोंगरात वाढलेली, शिकार करणारी. देव तिच्या बापाला मारतात. ती बापाचंच चिलखत चढवून सूड घ्यायला एकटी देवांच्या नगरात जाते. देव घाबरतात आणि तडजोड म्हणून सांगतात, आमच्यातला एक नवरा निवड, पण फक्त पाय बघून. सगळे देव पडद्याआड उभे, खाली पावलांची रांग. आपल्याकडं मुलीला 'जरा चालून दाखव' म्हणतात, इथं देवांनाच पाय दाखवायला लावलेले. ती सगळ्यांत सुंदर पाय निवडते, आणि ते निघतात समुद्राच्या देवाचे. मग संसार. नऊ रात्री तिच्या डोंगरात, नऊ रात्री त्याच्या किनाऱ्यावर. त्याला लांडग्यांच्या ओरडण्यानं झोप नाही, तिला समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटानं. शेवटी ती एकटी डोंगरात परतते. जुन्या कथेत हे सगळं दोन-चार ओळींत उरकलेलं आहे म्हणे. ऋतुजानं तीनशे पानं लिहिली, सगळी स्काडीच्या तोंडून.

आता मी हे इतकं रंगवून सांगते आहे, पण तेव्हा मला यातलं काही दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं क्रियापद. पहिल्याच पानावर स्काडी म्हणत होती, 'मी निघाली.' पुढं 'मी थांबली', 'मी म्हणाली'. प्रमाण मराठीत बाई स्वतःबद्दल 'मी निघाले' म्हणते. 'निघाली' ती, दुसरी बाई. आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या बायका घरात 'मी निघाली, मी गेली'च म्हणतात, हे मला का ठाऊक नव्हतं? पण ते बोलण्यात. छापील पुस्तकात ही अशुद्धी. त्यात मधल्या प्रकरणांत कुठं 'गेली', कुठं 'गेले', शेवटी पुन्हा 'गेली'. माझं मत पक्कं झालं. नवी लेखिका, गोंधळलेली आहे, आपण सांभाळून घेऊ.

हे काम यंत्रावर सोपवता येत नाही, कारण 'ती गेली' बरोबर असतं. एकेक वाक्य वाचून, कर्ता कोण ते बघून मी लाल शाई चालवली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही सुटू दिलं नाही. पेन्सिल हातात घ्यावी असं एकदाही वाटलं नाही. वैशालीनं, म्हणजे आमच्या अक्षरजुळणीवालीनं, सगळं संगणकावर दुरुस्त केलं. प्रकाशन समारंभाची तारीख ठरून गेलेली, त्यामुळं अंतिम मुद्रितं, म्हणजे शेवटची प्रुफं, ऋतुजाकडं पाठवायची राहिली. अविनाशराव म्हणाले, "तुम्ही बघितलंय ना? मग झालं." मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हेही कबूल करते.

पुस्तकात सर्वांत आधी येणारं मनोगत छापखान्यात सर्वांत शेवटी येतं. ती पानं वेगळी, वेगळ्या फॉर्मात, म्हणजे छपाईच्या मोठ्या कागदावर, छापतात. एका मंगळवारी सकाळी ऋतुजाचं मनोगत माझ्या फोनवर आलं. मी चहाचा कप घेऊन बसले. दुसऱ्या परिच्छेदात होतं:

'स्काडी डोंगरातली आहे. ती "मी गेली, मी आली" असंच बोलते, जशी माझी आई आणि माझ्या मावश्या बोलतात. देवांच्या नगरातल्या बायका "मी गेले" म्हणतात. लग्नानंतर स्काडी हळूहळू त्यांच्यासारखं बोलू लागते आणि डोंगरात परतल्यावर पुन्हा स्वतःसारखं. हे मी कादंबरीत कुठंच समजावून सांगितलेलं नाही. ज्याला ऐकू येईल, त्याला येईल.'

मी ते पुन्हा वाचलं, आणि पुन्हा. मला ऐकू आलं नव्हतं. मला दिसलं होतं आणि मी ते तीनशे पानांतून पुसून काढलं होतं. आणि पुस्तक आदल्या संध्याकाळी छपाईला गेलं होतं.

मनात पहिला विचार काय आला ते सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. मनोगत माझ्याच हातात होतं. ती चार-पाच वाक्यं काढून टाकली, 'जागेअभावी' म्हटलं, तर छापून झाल्यावर बोलणार कोण? नवी मुलगी, पहिलं पुस्तक. तीस वर्षांत माझ्या नावावर एवढी मोठी चूक नव्हती. चहावर साय धरली तरी मी त्या पानाकडं बघत बसले होते.

मग अविनाशरावांना फोन लावला. ते सहकुटुंब वणीला देवीच्या दर्शनाला गेलेले, गडावर रेंज नाही. 'संपर्क क्षेत्राबाहेर.' छापखाना अंबडला. तिथले बाळासाहेब मशीन स्वतः चालवतात. त्यांनी फोन उचलला पण मागं नुसती धडधड. "ताई, मशीन चालू हाय, काय ऐकू येत नाय! मेसेज टाका!" मी मेसेज टाकला, 'छपाई थांबवा'. तो त्यांनी बघितल्याची खूण काही येईना. रिक्षात बसले. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला मी हिशेब करत होते, एका फॉर्मात सोळा पानं, सकाळी आठला मशीन सुरू, आता साडेदहा. रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, "जरा लवकर घ्या." तो म्हणाला, "मावशी, दवाखाना का?" मी नुसतीच मान हलवली.

बाळासाहेबांनी दोन फॉर्म उतरवले होते. बत्तीस पानं. तिसऱ्याच्या प्लेट लावत होते. मी वरचाच कागद उचलला. शाई ओली होती. 'बापाचं चिलखत अंगावर चढवून मी निघाले.' व्याकरणाच्या दृष्टीनं अगदी निर्दोष वाक्य.

"थांबवा मशीन," मी म्हणाले.

"मालकांचा फोन आल्याबिगर कसं थांबवू?"

"चूक माझी आहे, बाळासाहेब. त्यांना मी सांगते. तुम्ही थांबवा."

"इतक्या वर्षांत तुम्ही कधी मशीनपर्यंत आल्या नाय," ते म्हणाले, आणि बटण बंद केलं. ती शांतता मला धडधडीपेक्षा जास्त जड गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूर रोडच्या कचेरीत आम्ही तिघं बसलो. ऋतुजा कारखान्याच्या निळ्या शर्टातच आली होती. सावळी, उंच, केस घट्ट बांधलेले. अविनाशरावांनी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात मीच मधे पडून सगळं सांगून टाकलं. तिनं माझी लाल शाईची मुद्रितं पुढं ओढली आणि पानं उलटू लागली. रडेल, ओरडेल, असं मला वाटत होतं. तिनं शांतपणे विचारलं, "सगळीकडंच केलंय?"

"सगळीकडं."

"ताई, आमच्याकडं पार्ट तपासताना ड्रॉइंग समोर ठेवत्यात. ड्रॉइंग न बघता कुणी पार्ट घासला ना, तर पार्ट नाय, माणूस रिजेक्ट करत्यात." मग पहिलं पान माझ्यापुढं धरलं. "माझा नंबर इथं लिहिलेला हाय. एक फोन करायचा होता."

अविनाशरावांनी अडचण मांडली. उरलेली पानं जुन्यासारखी करता येतील, पण छापलेल्या बत्तीस पानांचं काय? तोच कागद बाजारात संपला होता, यायला महिना लागणार. आणि समारंभ दहा दिवसांवर. सायखेड्याहून तिची आई आणि मावश्या गाडी करून येणार होत्या.

"मग नको," ऋतुजा म्हणाली. "मी पुस्तक मागं घेती. माझ्या आईला पयल्या पानावर दुसऱ्याच बाईचा आवाज ऐकवू का मी?"

मग ऋतुजानं एकदम मलाच विचारलं, "ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"नाशिकचीच."

"त्याच्या आधी?"

"घोटीजवळची."

"मग घरी काय म्हणायच्या? गेले का गेली?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. विश्वास बसल्यासारखी नाही, प्रश्न मिटवल्यासारखी. मी काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मुद्रितं पुढं घेऊन चाळू लागले. मला येतं ते एवढंच. आणि तिथं एक गोष्ट सापडली. पहिलं प्रकरण तेहतिसाव्या पानावर संपत होतं, अर्ध्यात. खाली सात-आठ ओळींची जागा मोकळी होती, आणि ते पान अजून छापलेलं नव्हतं.

"इथं काही लिहिता येईल का?" मी विचारलं. "बत्तीस पानं ती 'गेले' का म्हणाली, याला कारण देता येईल असं?"

ऋतुजानं ते पान आपल्याकडं ओढलं आणि बोटानं मोकळ्या ओळी मोजल्या. "विचार करती," एवढंच बोलली आणि कारखान्याची शिफ्ट चुकायला नको म्हणून निघून गेली. हो म्हणाली की नाही, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

ती हो म्हणेल असं धरून आम्ही कामाला लागलो. ऋतुजाचं लिखाण हातानं लिहिलेलं, आणि वैशालीनं जुळवलेली जुनी फाइल शिल्लक नव्हती. वैशाली म्हणाली, "ताई, त्याच्यावरच करेक्शन मारलं ना. सेव्ह ॲज केलंच नाही." तेव्हा माझीच मुद्रितं घेऊन उलटं काम करायचं होतं. लाल शाईनं बदललेल्या शब्दाखाली टिंबं देऊन समासात 'राहू द्या' लिहिलं, की मूळ शब्द परत येतो. दोन दिवस मी मोठ्यानं वाचत होते आणि वैशाली संगणकावर बदलत होती. दर तासाला मी फोन बघायचे. ऋतुजाचा निरोप नव्हता.

त्या दोन दिवसांत मी ती कादंबरी पहिल्यांदा वाचली. मोठ्यानं वाचायचं म्हणजे ऐकावं लागतंच. निम्म्याच्या जरा आधी एक मेजवानी आहे. किनाऱ्यावरच्या घरात सगळे जेवायला बसलेत, स्काडी काहीतरी सांगते आणि एक बाई हसते. का हसली ते लिहिलेलं नाही. कुणी काही बोलत नाही. फक्त पुढच्याच वाक्यात स्काडी म्हणते, 'मी खाली बसले.' तोवर दर पानाला 'बसली, उठली, म्हणाली', आणि इथून 'बसले'.

मी वाचायची थांबले. वैशाली म्हणाली, "काय झालं? पुढचं सांगा ना."

ऋतुजाला मी खोटं सांगितलं होतं. मला सगळं आठवत होतं. आठवीत मी नाशकात शिकायला आले. पहिल्या आठवड्यात बाईंनी विचारलं, काल का आली नाहीस? मी उभी राहून सांगितलं, "मी गावाला गेली होती." बाई म्हणाल्या, "कोण गेली होती? तुझी मैत्रीण?" वर्ग हसला. बाई वाईट नव्हत्या, त्यांनी मला पुढं फार जीव लावला. पण त्या दिवसापासून मी 'गेले' म्हणायला लागले, घरीसुद्धा. आई म्हणायची, "लय शिकली माझी पोर." नंतर त्याच कानावर मी पोट भरलं. तीस वर्षांत किती जणींच्या तोंडचं 'गेली' मी लाल शाईनं खोडलं असेल, देव जाणे. माझ्या हातून चूक झाली ती एका पुस्तकात झाली नव्हती, हे मला त्या मेजवानीच्या पानावर कळलं, आणि फार वाईट वाटलं.

शुक्रवारी दुपारी ऋतुजाचा निरोप आला. चार ओळी होत्या.

'इथवरचं मी त्यांच्या भाषेत सांगितलं, कारण समोर तेच बसलेले होते. आता ते उठून गेले. आता कुणी हसणार नाही. मी स्काडी, मी डोंगरातून आली.'

खाली लिहिलं होतं, 'मनोगतातला तो परिच्छेद आता नको. तपासून घ्या.' मी तपासलं. कुठंही शाई लावली नाही.

पुस्तक वेळेवर निघालं. सायखेड्याच्या बायका पहिल्या दोन रांगांत बसल्या होत्या. ऋतुजानं तेहतिसाव्या पानापासूनच वाचायला घेतलं, तेव्हा तिची आई शेजारणीला म्हणाली, "आपल्यावानीच बोलती गं ही राक्षसीण." मला हसूही आलं आणि रडूही. पुढं एका समीक्षकांनी लिहिलं, की पहिली बत्तीस पानं परक्या भाषेत लिहून नंतर ती झुगारण्याची योजना हे या कादंबरीचं सर्वांत मोठं बलस्थान. ऋतुजानं ते कात्रण मला पाठवलं, वर दोन शब्द, 'तुमचं अभिनंदन.' तो टोमणा होता की माफी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा मात्र मी तिला फोन केला. म्हटलं, "त्या दिवशी विचारलं होतंस, घरी काय म्हणायच्या. आठवत नाही म्हणाले, ते खोटं होतं."

"म्हाईत होतं मला," ती म्हणाली.

"कसं?"

"घोटीजवळची म्हणल्या ना तुम्ही. 'नाशिकचीच' म्हणताना थांबल्या नव्हत्या, 'घोटीजवळची' म्हणताना थांबल्या." पलीकडं कारखान्याचा भोंगा वाजला. "आता खरं लिहून टाका."

"लिहीन गं. पण ज्याच्याकडं तपासायला जाईल तो दुरुस्त करेल."

"मग त्याला सांगा, आधी फोन कर म्हणावं."

तेव्हा संपादकहो, हा लेख जे कुणी तपासतील त्यांना माझा नंबर द्या, आणि पुढच्या वाक्याला हात लावण्याआधी फोन करायला सांगा. वर्ग हसला, त्या दिवशी मी शाळेतून एकटीच घरी गेली.